तुम्ही विचारलंत म्हणून: 'हेडफोनमुळेच ना?'

हा प्रश्न तोंडातून बाहेर पडायच्या आधीच मला दिसतो. माणूस आधी माझ्या उजव्या कानातल्या ऐकण्याच्या मशीनकडे बघतो, मग माझ्या वयाचा अंदाज घेतो आणि म्हणतो, 'हेडफोनमुळेच ना?' त्यातला तो 'च' आणि तो 'ना' बघा. उत्तर त्यांच्यापाशी तयार असतं, माझी फक्त सही हवी असते. विचारता विचारता बऱ्याच जणांचा हात स्वतःच्या कानातलं बोंड काढायला जातो, हेही मी पाहिलंय.

आजवर घाई असली की मी 'हो' म्हणायचे आणि वैतागले असले की 'नाही'. दोन्ही उत्तरं खरी नाहीत. म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

कबुली आधी. ऐकायचे, आणि मोठ्यानेच ऐकायचे. सतराव्या वर्षापासून रोज तीन-चार तास. आवाज जास्त आहे असा इशारा फोन द्यायचा, तो मी बोटाने बाजूला सारायचे. एकदा एका कार्यक्रमात स्पीकरला जवळपास टेकून उभी राहिले होते. नंतर दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती आणि मला त्याचं कौतुकच वाटलं होतं. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास, त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं, हे गणित तेव्हा माहीत नव्हतं म्हणायची सोय नाही. माहीत होतं. आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, हेही कुठेतरी वाचलं होतं.

त्यामुळे चोविसाव्या वर्षी माणसांचे आवाज हळूहळू लांब जायला लागले तेव्हा मला गुन्हेगार शोधावाच लागला नाही. तो माझ्या खिशात होता. डॉक्टरकडे जाऊन काय करणार? ते ओरडणार, मी मान खाली घालणार. त्यापेक्षा मीच मला शिक्षा केली. हेडफोन खणात टाकले आणि गाणं बंद केलं. अगदी बंद, खोलीत हळू आवाजातसुद्धा नाही. दोन वर्षं. कान तरीही बिघडतच राहिले, पण त्यावरही माझ्याकडे उत्तर होतं: आधीचं पाप आता वर येतंय.

खरं तर तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण माझं काहीच त्या हिशेबात बसत नव्हतं. आवाजाने कान गेलेल्या माणसाला गर्दी नकोशी होते. त्याचे आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, फ निसटतात, बोलणं ऐकू येतं पण शब्द लागत नाही. माझं उलटं. शांत खोलीत कुणी बोललं तर मला कळायचं नाही आणि गोंगाटात मात्र बरं ऐकू यायचं, कारण तिथे सगळेच आवाज चढवून बोलतात आणि मधला गोंगाट माझ्यापर्यंत पोचतच नाही. शिवाय माझा स्वतःचा आवाज मला डोक्यात घुमल्यासारखा मोठा वाटायचा, म्हणून मी हळू बोलायचे. 'किती गोड बोलतेस' असं लोक म्हणायचे. जेवताना तर चावण्याच्या आवाजापुढे समोरच्याचं एक अक्षर ऐकू यायचं नाही. हे सगळं मी रोज अनुभवत होते. पण कारण आधीच ठरलेलं असल्यामुळे या गोष्टी कुठे मांडायचा प्रश्नच आला नाही.

सव्विसाव्या वर्षी तपासणीला गेले. गेले म्हणजे आईने नेलं. ऑडिओमेट्रीच्या, म्हणजे ऐकणं मोजण्याच्या त्या छोट्या खोलीचं जाड दार लागलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. हातात बटण, कानावर हेडफोन (हो, तेच). बारीकसा जरी आवाज आला तरी दाबायचं. काचेपलीकडे ऑडिओलॉजिस्ट बसलेली. पहिले काही आवाज आले, मग बराच वेळ काहीच नाही. त्या शांततेची मला भीती वाटायला लागली. तिचा खांदा जरा हलला की मी दाबायला लागले. तिने खुर्ची वळवून पाठ केली, तरी मी अंदाजाने दाबतच राहिले. शेवटी ती उठून आत आली आणि अगदी शांतपणे म्हणाली, 'अंदाजाने दाबू नका. मी काही दिलंच नव्हतं, तेव्हा तुम्ही तीनदा दाबलंत.' कॉपी करताना पकडल्यावर होतो तसा चेहरा झाला माझा. मला खरंच नापास व्हायचं नव्हतं.

मग डॉक्टरांची खोली. आलेखाचा कागद बघून त्यांनी खणातून ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकला की एका सुरात घुमणारा चिमटा काढला, ठोकला आणि त्याची दांडी माझ्या कानामागच्या हाडावर टेकवली. स्वच्छ, गोल आवाज. इतका स्वच्छ आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. 'थांबला की सांगा.' थांबला, सांगितलं. त्यांनी तोच फोर्क कानासमोर धरला. काही नाही. चांगल्या कानाचं उलटं असतं; हाडावरचा आवाज विरला तरी कानासमोर तो अजून ऐकू येत राहतो. मी म्हटलं, पुन्हा करा. त्यांनी पुन्हा केलं. तेच.

'आत पोचल्यावर ऐकू येतंय. अडतंय ते वाटेत,' ते म्हणाले. मग विचारलं, 'घरात कुणाला कमी ऐकू येतं का?'

मी लगेच म्हटलं, 'नाही, कुणालाच नाही.'

आई शेजारच्याच खुर्चीत बसली होती. हेडफोनचं डॉक्टरांना तिने आल्या आल्या दोनदा सांगून झालं होतं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, 'काय विचारलं त्यांनी?'

डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी कागदावर एक ओळ लिहिली.

मी लहान होते तेव्हापासून आईला हाक दोनदा मारावी लागते. 'लक्ष कुठे असतं गं तुझं?' हे वाक्य मी तिला किती वेळा ऐकवलंय याची गणती नाही. घरात सगळेच म्हणायचे, ती आपल्याच नादात असते.

आजाराचं नाव ओटोस्क्लेरोसिस. कानाच्या पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडं असतात. त्यातली रिकीब म्हणजे शरीरातलं सगळ्यात लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटरचं. ती हलली तरच आवाज आत जातो. तिच्या पायथ्याशी नको तिथे हाड वाढतं आणि ती जागच्या जागी जखडते. हे बहुधा विशी-तिशीत जाणवायला लागतं, पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त दिसतं आणि पुष्कळदा घराण्यातून येतं. गाणं ऐकून हे होत नाही आणि गाणं बंद करून थांबतही नाही.

म्हणजे ती दोन वर्षं फुकट गेली. उजव्या-डाव्या दोन्ही कानांनी जेवढं ऐकू येत होतं तेवढं पुन्हा कधी येईल याची खात्री नव्हती, आणि नेमकी तीच वर्षं मी गाण्याशिवाय काढली. चोवीस वर्षांच्या मला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, निदान मी काहीतरी करत होते. करत होतीस खरं. पण तपासून नव्हतीस घेतलंस.

आता तुम्हाला आवडेल तो भाग. शस्त्रक्रियेआधीच्या माझ्या आलेखात हाडावाटे ऐकण्याच्या रेषेला दोन खड्डे होते, म्हणजे दोन पट्ट्यांत जास्त कमी ऐकू येत होतं: एक २००० हर्ट्झला आणि एक त्याहून वरच्या, ४००० ला. पहिला या आजाराचा ओळखीचा खड्डा. दुसरा, ४००० चा, मोठ्या आवाजाने पडतो तसा. डाव्या कानाची शस्त्रक्रिया झाली. रिकिबीच्या पायथ्याला बारीक भोक पाडून त्यात दांडीसारखा कृत्रिम तुकडा बसवतात. भूल त्या वेळी फक्त कानापुरती दिली होती, मी जागी होते. तुकडा बसला आणि टेबलावरच मला ट्रेमध्ये हत्यार ठेवल्याचा आवाज आला. इतका मोठा, की मी दचकले आणि 'हलू नका' म्हणून ओरडा खाल्ला. मग तीन दिवस चक्कर आणि कित्येक आठवडे जिभेच्या डाव्या बाजूला धातूची चव. नंतरच्या आलेखात २००० चा खड्डा भरून आला होता. ४००० चा तसाच होता, अजूनही तसाच आहे.

'हा हेडफोनचा का?' या वेळी मीच विचारलं. डॉक्टर म्हणाले, 'असू शकतो. याच आजाराचाही असू शकतो, तो आतल्या कानापर्यंत गेला तर.' यापलीकडे ते गेले नाहीत. मला त्यांचा राग आला आणि जरा सुटल्यासारखंही वाटलं. खरं सांगायचं तर कधी कधी मलाच वाटतं, सगळं हेडफोनमुळेच झालं असतं तर बरं होतं. निदान आपल्या हातात काहीतरी होतं असं म्हणता आलं असतं.

काही जण मग स्वतःच्या कानाबद्दल विचारतात. मी डॉक्टर नाही, पण एवढं सांगते की विशी-तिशीत कान जायला पुष्कळ वाटा आहेत. जेंटामायसिन, अमिकासिनसारखी इंजेक्शनं, कॅन्सरवरचं सिस्प्लॅटिन, वर्षानुवर्षं वाहणारा कान, जनुकं. एकाच कानाने हळूहळू कमी ऐकू येत असेल तर श्रवणाच्या नसेजवळ गाठ नाही ना हे बघतात. आणि एका दिवसात कान गेला तर वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. त्यावरचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितके बरे. हेडफोनचा आवाज कमी कराच. पण तेवढं केलं म्हणजे तपासणी झाली असं समजू नका.

उजवा कान अजून तसाच आहे. शस्त्रक्रियेत शंभरातल्या एखाद्याचा तो कान पूर्णच जातो, आणि एकदा आपण वाचलो म्हणून दुसऱ्यांदाही वाचू असा काही नियम नाही. म्हणून तिथे मशीन, जे बघून तुम्ही विचारता.

आईने अजून तपासून घेतलेलं नाही. तिचं म्हणणं आहे, तिचं वयामुळे आहे.