फ्रीजरमधला बर्फ कुठं साठलाय, ते आधी बघा

मृगाचा पाऊस लागला की खानापूर-बेळगाव पट्ट्यात हवा एवढी ओली होते, की फ्रिजचं दार जितक्यांदा उघडेल तितक्यांदा वाफ आत जाते आणि थंड धातूवर गोठून बसते. चिकोडी-अथणीकडच्या कोरड्या हवेत तोच फ्रिज कमी बर्फ धरतो. बर्फ वाढला म्हणजे बिघाड झालाच, असं नाही. आणि बिघाड असला, तरी ‘गॅस संपला’ म्हणून लगेच गॅस भरून घेऊ नका. गॅस कमी झाला की बर्फ बहुधा कॉइलच्या, म्हणजे गॅस फिरणाऱ्या थंड नळीच्या, एकाच टोकाला, नळी शिरते तिथं धरतो. बाकीची कॉइल कोरडी राहते.

एका दाराच्या फ्रिजमध्ये फ्रीजरचा डबाच थंड होतो, म्हणून त्यावर बर्फ येणारच. थर 5-6 मिमी झाला की थर्मोस्टॅटच्या, म्हणजे थंडी कमी-जास्त करायच्या चकतीच्या, मधलं बटण दाबा. बर्फ वितळला की कॉम्प्रेसर आपोआप सुरू होतो. थर जाड असेल तर प्लग काढा, खाली जुना टॉवेल पसरा, आत गरम पाण्याचं पातेलं ठेवून दार लावा आणि अर्धा तास थांबा. सुरी किंवा उलथनं लावू नका, हे कळकळीनं सांगतो. ॲल्युमिनियमच्या त्या पातळ पत्र्यातूनच गॅस फिरतो. हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-600ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो, आणि तो पेट घेतो. टोचून फुस्स आवाज आलाच तर खिडक्या उघडा, शेगडी पेटवू नका, बटणांना हात लावू नका. मीठही टाकू नका, ॲल्युमिनियम खातं.

दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणाऱ्या, फ्रिजमध्ये मात्र बर्फ दिसायलाच नको. दिसला तर जागेवरून कारण कळतं.

दाराच्या कडेला भुरभुरीत बर्फ असेल तर रबर सैल आहे. दहाची नोट दारात धरून ओढा. चारही बाजूंनी, वीतभर अंतरावर. अडखळत आली तर ठीक, सहज सुटली तर तिथून हवा जाते. आधी रबराच्या खाचेतला तेलकट मळ साबणाच्या कोमट पाण्यानं काढा. रबर वाकलं असेल तर गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं शेकून सरळ करा. नवीन रबर घेण्याची वेळ त्यानंतरच येते.

फ्रीजरच्या तळाला गुळगुळीत पत्र्यासारखा बर्फ आणि भाजीच्या ट्रेखाली पाणी, म्हणजे निचऱ्याचं भोक तुंबलंय. प्लग काढून, बर्फ वितळवून, 50 मिलीच्या सिरिंजनं त्यात गरम पाणी सोडा. मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये पाणी पडलं की वाट मोकळी झाली.

तिसरी जागा सगळ्यात फसवी: मागचा आतला पत्रा पांढरा, फ्रीजर बऱ्यापैकी गार, पण खाली दूध नासतंय. पत्र्यामागची कॉइल बर्फानं बुजली की पंख्याची हवा खाली उतरत नाही. आधी पाकिटं हवेच्या भोकांना टेकलेली नाहीत ना, ते बघा. मग प्लग काढून, दारं उघडी ठेवून 24 तास थांबा. पुन्हा लावल्यावर आठ-दहा दिवस छान चालून बर्फ परत आला, तर दोष बर्फ वितळवणाऱ्या साखळीत आहे: ठरावीक वेळानं हीटर लावणारा टायमर, बर्फ वितळवणारा हीटर, कॉइल तापली की हीटर बंद करणारा स्विच म्हणजे बायमेटल, आणि फार तापलं की वीज तोडणारा फ्यूज.

टायमर यांत्रिक असेल तर त्याची खाच स्क्रू ड्रायव्हरनं हळू फिरवा. टक वाजून कॉम्प्रेसर थांबला आणि हीटर तापला, तर हीटर ठीक, टायमरच अडकलाय. हीटर तापला नाही तर प्लग काढून मल्टिमीटर लावा. 150 वॅटच्या हीटरला साधारण 320-350 ओहम दिसायला हवेत. काहीच दिसलं नाही तर तो तुटलाय. बायमेटलचा जोड घरातल्या हवेत तुटलेला असतो, म्हणजे त्यातून वीज जात नाही; थंडीत तो जुळतो. तीन भाग बर्फाचा चुरा, एक भाग मीठ, त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीतून दहा मिनिटं बुडवून मोजा. जोड दिसला नाही तर बदला.

फ्यूज मात्र गरम असो वा गार, जोड दाखवायलाच हवा. तो उडाला असेल तर नुसता फ्यूज बदलून पत्रा लावू नका. बायमेटल कायमचं चिकटलं की हीटर बंदच होत नाही आणि फ्यूज त्यामुळेच जातो. मोजून बघा, घरातल्या हवेतही बायमेटल जोड दाखवत असेल तर दोन्ही एकदमच बदला.