भिंतीवर रिओचेच आकडे का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मुलीला पहिल्यांदा आमच्या वेटलिफ्टिंगच्या हॉलवर सोडायला आलेले आईवडील बहुतेक हेच विचारतात. हातांना लावायच्या चॉकच्या डब्यामागच्या भिंतीवर १०४, १०६, १०६ असे आकडे आणि प्रत्येकापुढे फुली, हे काय आहे? मीराबाईच्या टोकियोच्या पदकाचा फोटो लावायचा सोडून हे का?

आकडे मीराबाई चानूचेच आहेत. २०१६, रिओ ऑलिम्पिक, ४८ किलो गट. स्नॅचमध्ये, म्हणजे बार एका झटक्यात थेट डोक्यावर नेण्यात, तिने ८२ किलो उचलले होते. क्लीन अँड जर्कला, म्हणजे आधी खांद्यांवर आणि मग डोक्यावर (आम्ही नुसतं जर्क म्हणतो), १०४ हुकले. मग १०६ मागितले, तेही दोनदा हुकले. आपल्या खेळाचा नियम निर्दय आहे. स्नॅचचे तीन आणि जर्कचे तीन असे सहाच प्रयत्न मिळतात, आणि एका प्रकारातले तिन्ही वाया गेले की एकूण वजनच धरत नाहीत. क्रमांकसुद्धा नाही. त्या ऑलिम्पिकला आपल्याकडे सगळ्यांचे डोळे चांदवड तालुक्यातल्या दत्तू भोकनळकडे लागले होते. रोइंगमध्ये तो तेरावा आला आणि आपण त्याचं भरभरून कौतुक केलं, करायलाच हवं होतं. मीराबाईच्या वाट्याला तेरावा नंबरही नव्हता.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत ॲनाहाइमला तिने एकूण १९४ किलो उचलून जागतिक सुवर्ण जिंकलं. १९९५ मध्ये कर्णम मल्लेश्वरीने जिंकलेल्या सुवर्णानंतर भारताला ते थेट तेव्हा मिळालं. २०१८ मध्ये पाठीच्या दुखण्याने आशियाई स्पर्धा गेली. मग टोकियो: ८७ आणि ११५, एकूण २०२, रौप्य. ते सगळ्यांना पाठ आहे.

मला मात्र त्यानंतरचे दोन आकडे जास्त आवडतात. पॅरिसला २०२४ मध्ये तिने १९९ किलो उचलले आणि ती चौथी आली. कांस्य २०० ला गेलं. एक किलो! पुढच्या वर्षी नॉर्वेत फोर्डला जागतिक स्पर्धेत, ४९ चा गट जाऊन ४८ चा झालेला, वय एकतीस, आणि पुन्हा १९९ च. या वेळी रौप्य. जर्कचे तिन्ही प्रयत्न साधले: १०९, ११२, ११५.

पण भिंतीवर ते आकडे मी लिहिले ते मीराबाईसाठी नाही, माझ्या एका चुकीसाठी. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेला आमची एक मुलगी नेली होती. आई द्राक्षांच्या पॅकिंगला जाणारी, मुलगी पहाटे पहिल्या बसने हॉलवर यायची. सरावात तिने ७० चं जर्क नीट केलं होतं, म्हणून मी ओपनर, म्हणजे पहिल्या प्रयत्नाचं वजन, ६८ लिहिला. वजनगटात बसावी म्हणून आदल्या दिवसापासून ती जवळजवळ पाण्याविना होती, रात्र प्रवासात गेलेली. हे सगळं माहीत असून लिहिला. ओपनर म्हणजे अंगात ताप असतानाही जाईल असं वजन. बारवरचं वजन पुढे वाढू शकतं, कमी कधीच होत नाही. पहिला प्रयत्न हुकला की मागे यायला जागाच नसते. तिचे तिन्ही गेले. तिसऱ्यांदा बार खाली पडला तेव्हा तिने प्रेक्षकांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

परतीच्या एसटीत नाशिक येईपर्यंत ती बोलली नाही. चौथ्या दिवशी हॉलवर आली, तेव्हा मी तिला सांगितलं की चूक माझी होती, तुझ्या ताकदीची नाही. तिला ते पटल्यासारखं दिसलं नाही. मग मी मार्कर घेऊन मीराबाईचे ते तीन आकडे भिंतीवर लिहिले आणि बाजूला ॲनाहाइमचे १९४. ती बराच वेळ वाचत उभी राहिली. मग १५ किलोचा रिकामा बार घेऊन स्नॅचच्या पकडीपासून सुरुवात केली.

पदकांचे फोटोही आहेत बरं का. दारातून आत येताच आपल्याच जिल्ह्यातली, मनमाडची आकांक्षा व्यवहारे दिसते, २०२२ च्या युवा जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवणारी. त्या फोटोखाली मुली रांगेने सेल्फी काढतात आणि मला ते फार आवडतं. चॉक लावताना मात्र प्रत्येकीला फुल्यांकडेच तोंड करून उभं राहावं लागतं.

ती मुलगी अजून येते. स्पर्धेच्या आठवड्यात मी कागद पुढे करते आणि ती आदल्या रात्रीची झोप, पाणी, दुखरा गुडघा सगळं सांगून झाल्यावर आकडा सांगते. मागच्या वेळी मला ६६ वाटत होते. ती म्हणाली, "ताई, ६३." मी ६३ लिहिले.