पंखातलं झाकण

आज डेट्रॉइटजवळ वुडवर्ड अव्हेन्यूच्या कडेला खुर्ची टाकून तीन तास नुसत्या जुन्या गाड्या बघितल्या. १९५९ची कॅडिलॅक गेली तशी बायको ओरडली, "अगंबाई, हिला पंख आहेत!" आहेतच की, मागच्या चाकांवर उभे राहिलेले पत्र्याचे! कॅडिलॅक बनवणाऱ्या जनरल मोटर्सचा डिझाइनप्रमुख हार्ली अर्ल, त्याच्या डिझायनरांना पी-३८ या लढाऊ विमानावरून सुचलेले. १९४८मध्ये इवलेसे होते, अकरा वर्षांत पार कमरेपर्यंत आले.

माझा जीव मात्र अडकला १९५७च्या शेव्रोले बेल एअरमध्ये. पेट्रोलचं झाकण कुठे दिसेचना. मालक आजोबा मिश्कील हसले, डाव्या पंखाची क्रोमची पट्टी बोटाने ओढली, आणि आत झाकण! (मायलेजचं विचारू नका.)

निघताना पार्किंगमध्ये आमची राखाडी गाडी सापडेना. शेवटी किल्लीचं बटण दाबून हॉर्न वाजवला.