विहीर भरलेली, नळ कोरडा

आज बीड जिल्ह्यातल्या मावशीच्या गावी नळाला पाणी आले नाही, कारण विहीर भरलेली असूनही थकलेल्या वीजबिलामुळे पंपाची जोडणी तोडलेली होती. जलजीवन मिशनने २०१९ मध्ये माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले; पण १,००० लिटर पाणी १०० मीटर उंच चढवायला साधारण अर्धा युनिट वीज लागते, आणि ती नसेल तर जलवाहिनी ही नुसती रिकामी नळी उरते.

खालच्या वस्तीवर मात्र हापशाच्याच विंधन विहिरीत सौर पंप बसवलेला आहे. ऊन पडले की टाकी भरू लागते. तिथून संध्याकाळी हंडा घेऊन चढ चढणाऱ्या मावशीचे ओझे मी घेतले, तेव्हा तिने विचारले, “ते बिल कोण भरणार रे?”