पूल आला नाही

शुक्रवार, 20 जून 2025. सकाळी सव्वाआठला भोसरीहून सुपरवायझरांचा फोन आला. "मॅडम, तुमचा मुलगा आज आला नाही. रजा सांगितलीय का?"

रजा नव्हती. सहा आठवड्यांत तो एकदाही उशिरा पोचला नव्हता. आठच्या शिफ्टला पावणेआठला गेटवर उभा असायचा. म्हणून तर त्यांनी पंधरा मिनिटांत फोन केला. मी दिघीत राहते. फोन कानाला होता आणि खिडकीतून टाळांचा आवाज येत होता. माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला निघाली होती, पहाटेपासून रस्ता बंद होता. त्याची बस याच रस्त्याने भोसरीला जाते, हे मला त्या क्षणी आठवलं आणि हातपाय गार पडले.

मी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेत शिकवते. अठरा वर्षांनंतर मुलं आमच्याच कार्यशाळेत येतात आणि तिथून त्यांना बाहेर कुठे नोकरी मिळते का हे बघणं, मिळाली तर ती टिकवणं, हे माझं काम. या मुलाचं नाव मी लिहीत नाही. वय वीस. धाकटी बहीण त्याला दादा म्हणते, म्हणून इथेही दादाच.

कार्यशाळेत आम्ही वर्षानुवर्षं पणत्या रंगवल्या, उटण्याची पाकिटं भरली, कागदी पिशव्या चिकटवल्या. दिवाळीत लोक कौतुकाने विकत घेतात. पण त्या पिशव्यांमधून एकाही मुलाला पगाराची नोकरी मिळालेली मी पाहिली नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले आणि सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण तीन टक्क्यांवरून चार टक्के केलं. त्यातला एक टक्का बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून आहे. पदांना शिक्षणाची अट असते, परीक्षा असते. दहावीपर्यंत न पोचलेल्या आमच्या मुलांचा तिथे निभाव लागत नाही. मग एमआयडीसीतल्या लहान कंपन्यांची दारं ठोठवायची.

या कंपनीत रबराच्या ओ-रिंग पिशवीत भरायच्या होत्या. एका पिशवीत शंभर. दादाला दहाच्या पुढे मोजता येत नाही. सुपरवायझर म्हणाले होते, "मॅडम, मग कसं जमायचं?" आमच्या सुताराने एका फळीवर पंचवीस खुंट्या ठोकून दिल्या. प्रत्येक खुंटीवर एक रिंग. सगळ्या खुंट्या भरल्या की फळी पिशवीत रिकामी करायची आणि समोरच्या चार लाल सोंगट्यांपैकी एक डावीकडे सरकवायची. चारही डावीकडे गेल्या की पिशवी बंद. आधी शाळेत सहा महिने याचाच सराव केला, मग कंपनीत तीन आठवडे मी त्याच्या शेजारी स्टुलावर बसले. हळूहळू स्टूल मागे घेत गेले. शेवटी दाराबाहेर. पहिल्या महिन्यात वजनकाट्यावर त्याची एकही पिशवी कमी-जास्त भरली नाही.

बसचा सराव मात्र किती दिवस? सहा. हा आकडा मला अजून बोचतो.

त्याला सांगितलं होतं, बसमध्ये बसायचं, खिडकीबाहेर बघायचं, भोसरीचा मोठा पूल दिसला की उठायचं, थांबल्यावर उतरायचं. सहा दिवस मी बरोबर गेले. चौथ्या दिवसापासून तो माझ्या आधी उठायचा. मला वाटलं, जमलं. ज्या रस्त्यावर दरवर्षी मी वारकऱ्यांना केळी वाटते, तोच त्याच्या बसचा रस्ता आहे, हे मला सुचलंच नाही. पालखीची तारीख घरातल्या कॅलेंडरवर ठसठशीत छापलेली होती.

मी चपला घातल्या आणि विश्रांतवाडीच्या दिशेने निघाले. दुचाकी काढण्यात अर्थ नव्हता. दिंड्यांबरोबर चालत, प्रत्येक बसथांब्यावर, प्रत्येक पाण्याच्या मंडपात विचारत गेले. निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात डबा. पोलिसांच्या मदत केंद्रात नोंद केली. तिथल्या हवालदाराने विचारलं, "बोलतो का?" "बोलतो. पण विचारल्याशिवाय बोलत नाही." हे सांगताना मला कळलं की आम्ही त्याला कामावर सूचना ऐकायला शिकवलं, मदत मागायला शिकवलंच नाही.

त्याच्या ओळखपत्रावर दोन नंबर होते, शाळेचा आणि आईचा. पालखीमुळे शाळेला सुट्टी होती, फोन रिकाम्या ऑफिसात वाजत राहिला. आई तीन घरी स्वयंपाक करते, तेव्हा तिचा फोन पिशवीत असतो. माझा नंबर कार्डावर नव्हता. कर्मचाऱ्यांचे खासगी नंबर द्यायचे नाहीत असा आमच्याकडचा नियम आणि मी तो निमूटपणे पाळला होता.

दहा वाजता आईने मिस्ड कॉल पाहिले. अकरा होते. एका बसच्या कंडक्टर बाईंनी केलेले. आईने त्यांच्याशी बोलून मला फोन केला, तेव्हा ती रडत होती. मुलगा सापडला होता, बसच्या आगारात.

मी पोचले तेव्हा तो त्याच खिडकीत, त्याच सीटवर, मांडीवर डबा ठेवून बसला होता. बस सकाळी दिघीकडे न वळता येरवड्याकडे गेली, गर्दीत अडकली, शेवटी फेरी रद्द झाली. सगळे प्रवासी उतरले, हा उतरला नाही. कंडक्टर बाईंनी समजावलं, ड्रायव्हरकाका एकदा ओरडलेसुद्धा. मग त्यांनीच चहा आणून दिला, तो त्याने प्यायला. पण उठला नाही.

"दादा, चल."

"बाई, पूल आला नाही."

जवळजवळ चार तास हा मुलगा पूल यायची वाट बघत होता. हट्टाने नव्हे. मी दिलेली सूचना तो तंतोतंत पाळत होता आणि त्या सूचनेत पूल न येण्याची सोय नव्हती. मी त्याच्या शेजारी बसले. काही वेळ मला बोलताच आलं नाही.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. आईने पाणी दिलं, पण नजर दिली नाही. "बाई, आता नको ही नोकरी. घरात होता तेव्हा निदान कुठं आहे ते ठाऊक होतं." मग हळू आवाजात दुसरी गोष्ट बाहेर आली. संजय गांधी निराधार योजनेचे त्या वेळी महिन्याला 1,500 रुपये मिळायचे. दिव्यांगांसाठी तिथे उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50 हजार. किमान वेतनाची नोकरी लागली की ती मर्यादा ओलांडली जाते. "नोकरी उद्या गेली तर पेन्शन परत चालू होईल का, सांगा तुम्ही." तिची भीती खोटी नव्हती आणि तिला हमी देणं माझ्या हातात नव्हतं. वीस वर्षं ज्या आईने मुलाला एकटीने सांभाळलं, तिला धीट व्हा म्हणून सांगणारी मी कोण? मी एवढंच म्हणाले, "ताई, दोन महिने द्या. चुकलं ते माझं, त्याचं नव्हे."

दादा आत बहिणीला सांगत होता की उद्या लाल सोंगट्या धुवायच्या आहेत, काळ्या पडल्या.

त्यानंतर आम्ही चुकायचा सराव सुरू केला. कंपनीला गुरुवारी सुट्टी असते. दर गुरुवारी त्याला मुद्दाम दुसऱ्या बसमध्ये बसवायचं. कार्ड नवीन केलं, एका बाजूला माझा मोबाइल नंबर, दुसऱ्या बाजूला मोठ्या अक्षरांत: "मला भोसरीला जायचं आहे. मी चुकलो आहे. मदत करा." नियमाबद्दल मुख्याध्यापकांशी बोलले, तो बदलला. दादाला शिकवलं, नेहमीचं देऊळ दिसलं नाही तर पुलाची वाट बघायची नाही, कार्ड काढायचं आणि कंडक्टरला दाखवायचं. वर्गात खुर्च्यांची बस करून कितीदा केलं. खुर्चीवर झटकन जमायचं. खऱ्या बसमध्ये पहिले दोन गुरुवार तो कार्ड मुठीत घट्ट धरून बसून राहिला आणि शेवटी मलाच पुढे व्हावं लागलं.

तिसऱ्या गुरुवारी मी त्याच्या नकळत मागच्या दाराने चढले, डोक्यावरून ओढणी घेतली आणि शेवटच्या सीटवर बसले. बस येरवड्याकडे वळली. तो मान वळवून खिडकीबाहेर बघत राहिला. एक थांबा गेला, दुसरा गेला. मी सीटचा दांडा घट्ट धरला होता. मग तो उठला, कंडक्टरपाशी गेला आणि गळ्यातलं कार्ड पुढे केलं. कंडक्टरने वाचलं, म्हणाला, "पुढच्या थांब्यावर उतर, मी सांगतो कुठली बस घ्यायची ते."

दादाने मान हलवली. वळताना त्याची नजर शेवटच्या सीटवर गेली. ओढणीतूनही त्याने मला ओळखलं. क्षणभर गोंधळला, मग कंडक्टरकडे परत वळून कार्ड पुन्हा पुढे केलं आणि माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला, "ह्या आमच्या बाई आहेत. ह्यांनापण भोसरीला जायचंय."