शेपटीकडचा रंग

१७ ऑगस्ट, रविवार

पांढरं पडलं. संध्याकाळी सहाच्या सुमारास पंखांवर क्लिअर लॅकरचा हात मारला, चहा पिऊन येतो तोवर माझ्या मिग-२१ लढाऊ विमानाच्या चकचकीत प्लास्टिक मॉडेलवर दुधाळ साय धरलेली. चूक माझीच. चार दिवस नाशकात रिपरिप चालू आहे, भिंतीला हात लावला तरी ओल लागते, आणि मी म्हणे लॅकर मारतोय. लॅकरमधला थिनर भराभर उडतो, उडता उडता रंगाला गार करतो, आणि गार रंगावर हवेतली वाफ बसते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तसंच. तांबा निदान पुसता येतो.

वाईट वाटलं ते खालच्या कामाचं. विमान चांदीसारखं दिसावं म्हणून आधी ते काळं करावं लागतं हे सांगितलं की लोक हसतात. पण उघड्या धातूचा रंग ज्या काळ्यावर बसतो तो काळा आरशासारखा लागतो. केसाएवढा ओरखडा राहिला तरी वरचा धातू चहाडी करतो. म्हणून काळा मारायचा, वाळू द्यायचा, ४००० नंबरच्या पेपरने पाण्यात घासायचा, परत मारायचा. मग एअरब्रशच्या, म्हणजे रंग फवारायच्या पेनाच्या, कॉम्प्रेसरचा दाब १५ पीएसआयच्या खाली आणून धातूच्या रंगाचे धुक्यासारखे तीन-चार हात. आठ संध्याकाळी गेल्या त्यात. रंगवलेला भाग झाकायची टेप लावायच्या आधी मनगटावर दोनदा चिकटवून तिचा डिंक मारून घेतला, तरी एका ठिकाणी टेपबरोबर रंग उचलून आलाच.

रात्री संथ उडणारा थिनर नुसताच एअरब्रशमध्ये भरला आणि लांबून फवारला. साय विरघळली. बरीचशी. डाव्या पंखाच्या टोकाला एक ढग अजून आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार

परवा गणपती. माझं टेबल आरास करायला गेलं. लेकीने पुठ्ठ्याच्या मखराला रंग द्यायला एअरब्रश मागितला. म्हटलं, ०.३ मिलिमीटरची सुई आहे, त्यात पोस्टर कलर जायचा नाही. गेला. मखर सुरेख झालंय. सुई दीड तास साफ करत होतो.

१४ सप्टेंबर, रविवार

आज वडिलांशी, अण्णांशी, वाजलं.

अण्णा १९७९ साली मिगमध्ये लागले. ओझरच्या विमान कारखान्याला आमच्या भागात कुणी पूर्ण नावाने हाक मारत नाही. नोकरी ‘मिगमध्ये’ आणि गावही ‘ओझर मिग’. ते फिटर होते, बरीच वर्षं ओव्हरहॉलच्या हँगरमध्ये. माझ्या छंदाकडे त्यांनी आजवर कधी ढुंकून पाहिलं नाही. प्लास्टिकचं विमान म्हणजे पोरखेळ. पण हे मॉडेल मिग-२१ एफएलचं, म्हणजे त्यांच्या भाषेत टाइप ७७, त्यामुळे खुर्ची ओढून बसले.

एफएल आपल्याकडे उघड्या धातूतच उडायची. १९७१ चं युद्ध तोंडावर आलं तेव्हा घाईघाईने त्यांच्यावर हिरव्या-तपकिरी रंगाचे पट्टे ओढले गेले, आणि जुन्या फोटोंत एका स्क्वाड्रनचं विमान दुसऱ्यासारखं दिसत नाही. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर पहिली रॉकेटं डागली ती मिग-२१ नीच. मला त्या घाईतलं विमान करायचंय. पंखाखाली ५७ मिलिमीटर रॉकेटांचे पॉड लावलेत. खाली धातू, वर हिरवा, आणि हिरव्यातून डोकावणारा धातू. त्यासाठी धातूवर बायकोचा हेअरस्प्रे मारला, त्यावर अॅक्रिलिक हिरवा, आणि रंग अर्धवट वाळल्यावर ओल्या ब्रशने खरवडलं. खालचा स्प्रे पाण्यात सुटतो आणि वरचा रंग कपच्यांनी निघतो. फार मजा येते यात. हात आवरत नाही.

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून मॉडेल नाकापाशी धरलं. “हे काय, खरूज झाल्यासारखं?”

म्हटलं, अण्णा, वापरातलं विमान आहे, रंग उडणारच.

“उडणार. पण कुठे? वाट्टेल तिथे? जिथे माणसाचा हात-पाय लागतो तिथे रंग जातो. डावीकडे शिडी लागते तिथे बघ. रोज उघडायची झाकणं असतात, त्यांच्या स्क्रूभोवती बघ. पंखाच्या पुढच्या कडेला. इथे, पाठीवर मधोमध, काय कावळे बसत होते का?”

मग बोट शेपटीकडे गेलं. मिग-२१ चं इंजिन काढायचं तर धडाचा मागचा भाग सबंध सोडवून मागे ओढावा लागतो, आणि तो जोड त्यांनी किती वेळा उघडला असेल त्याला गणती नाही. मी सगळ्या पॅनेल लायनींमध्ये, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या रेघांत, एकसारखा काळसर वॉश, पातळ केलेला रंग, सोडला होता. “बाकीच्या रेघा फिक्या कर. ही एकच रेघ खरी आहे. बाकीचं नुसतं पत्र्याला पत्रा.”

मला राग आला होता, म्हणून गणित काढलं. मॉडेल १/७२ आहे. खऱ्या विमानाचा पंखविस्तार ७.१५ मीटर, माझ्याकडे जेमतेम १० सेंटिमीटर. मी ते एक फुटावरून बघतो, म्हणजे खरं विमान जवळजवळ २२ मीटरवरून बघितल्यासारखं. तुम्ही हातभर अंतरावरून बघत होता. २२ मीटरवरून तुमचे स्क्रू कुणाला दिसतात?

“मग २२ मीटरवरून कपच्या तरी कशा दिसल्या?” म्हणाले, आणि जेवायला उठले.

उत्तर नाही याला. तेच गणित माझ्यावर उलटतं, हे रात्री नीट कळलं. माझ्या रंगाचा थर ०.०५ मिलिमीटर धरला तरी ७२ ने गुणल्यावर ३.६ मिलिमीटर होतो. एवढा जाड रंग खऱ्या विमानावर कुणी थापणार नाही, वजनच केवढं होईल. म्हणजे मी उडवलेली प्रत्येक कपची त्या मापात ताटलीएवढी, आणि तिची कड बोटाला लागेल इतकी उंच. पाठीवरच्या सगळ्या कपच्या पुन्हा रंगवून बुजवल्या. शिडीपाशी चार ठेवल्या. चारच.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. दुपारी डिकॅल, म्हणजे खुणांची पातळ चित्रं, लावले. हवाई दलाची खूण: बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं वर्तुळ. या कागदावरचा केशरी जरा जास्तच लालसर छापलाय. सॉफ्टनर, म्हणजे डिकॅल मऊ करणारं द्रव, लावला की डिकॅलला म्हाताऱ्याच्या हातासारख्या सुरकुत्या पडतात, आणि इतक्या वर्षांनीही छातीत धस्स होतं. हात लावायचा नाही, दिव्याखालून उठून जायचं. अर्ध्या तासाने आलो तर रंगवल्यासारखं बसलं होतं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

चंडीगढला मिग-२१ ला निरोप दिला. बासष्ट वर्षं. अण्णा सकाळपासून टीव्हीसमोर. हवाई दल प्रमुख एअर चीफ मार्शल अमर प्रीत सिंग स्वतः उडत होते. पाण्याच्या फवाऱ्यातून विमानं आत आली तेव्हा बायको रडवेली झाली. मी अण्णांकडे बघायचं टाळलं.

ते एकच वाक्य बोलले. “मागे पाइपाशी बघ, कसं करपलंय.”

सगळं विमान राखाडी, पण शेपटीचं टोक बिनरंगाचं, भाजलेलं. माझ्या मॉडेलचं टोक नव्या स्टीलच्या वाटीसारखं लखलखतंय.

२८ सप्टेंबर, रविवार

टोकाला निळ्या पारदर्शक रंगाचा हात मारला, मग जांभळा, मग तपकिरी. दिसायला छान. अण्णा म्हणाले, उलटं केलंयस.

कसं उलटं? तर हॅकसॉच्या ब्लेडचा तुटका तुकडा शोधून आणला, पॉलिश पेपरने घासून लख्ख केला, पक्कडीत धरला आणि गॅसवर एक टोक धरलं. स्वयंपाकघरात आईचा आरडाओरडा. क्षणभर काहीच नाही. मग ज्वाळेच्या पुढे पोलादावर फिकट गवती पिवळा उमटला आणि सरकायला लागला. त्याच्यामागून तपकिरी, त्याच्यामागून जांभळा, आणि ज्वाळेला चिकटून गर्द निळा. सगळे एकामागोमाग पळत होते, पावसात रस्त्यावर सांडलेलं तेल पळतं तसे. अण्णांनी ब्लेड बाजूला घेतलं आणि रंग जागच्या जागी थांबले.

“छिन्नीला पाणी पाजताना हेच बघायचं. हवा तो रंग दिसला की बुडवायची. निळ्यापर्यंत गेली तर मऊ पडली, फुकट.”

म्हणजे पाइपाच्या तोंडाशी निळा हवा आणि धडाकडे येताना पिवळा. मी निळा धडाकडे मारून बसलो होतो. सगळं थिनरने पुसलं, धातूही थोडा गेला, तो परत मारला. मग ब्लेड दिव्याखाली ठेवून, अगदी पातळ, एका वेळी एक रंग. निळा इतका कमी की आहे की नाही अशी शंका यावी. ०.३ च्या सुईने तीन मिलिमीटरचा पट्टा फवारताना मी श्वास घेत नव्हतो. अण्णा मागे उभे होते, तेही बहुतेक घेत नव्हते.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. पाटावर अण्णांची छिन्नी, हातोडी, व्हर्नियर, लेकीचा कंपास, माझा एअरब्रश. अण्णांनी ते ब्लेडही ठेवलं. मी विमान ठेवायला गेलो तर आईने अडवलं, कुंकवाचं बोट तसंच धरून. “वाळलंय का?”

मॅट वार्निश काल रात्रीच मारलं होतं. अण्णांनी वास घेऊन बघितला.

“उद्या दसऱ्याला ठेव,” म्हणाले. “आणि खाली पाटीवर टाइप ७७ लिही. एफएल काय, आमच्यात कुणी म्हणायचं नाही.”

ढग अजून आहे डाव्या पंखावर. त्यांना दिसलेला नाही, किंवा दिसलाय आणि बोलले नाहीत.