नायकाचं नाव एडवर्ड नको

‘ट्वायलाइट’ या व्हॅम्पायर प्रेमकथेत एक लहानसा प्रसंग आहे. बेला स्वान घरामागच्या गवतावर गोधडी अंथरून, पालथी पडून जेन ऑस्टिनचा जाडजूड संग्रह वाचत असते. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’चं तिसरं प्रकरण सुरू केल्यावर तिला आठवतं, की यातल्या नायकाचं नाव एडवर्ड. चिडून ती ‘मॅन्सफिल्ड पार्क’कडे वळते, तर तिथे एडमंड. ती पुस्तक मिटूनच टाकते.

ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलामागे बसून वाचकांना पुस्तकं सुचवणाऱ्या माणसाला एवढ्यावरून बरंच कळतं. ही मुलगी आवडतं पुस्तक पुन्हा पुन्हा वाचणारी आहे. तिला नवीन काही शोधायचं नाही, ओळखीच्या घरात जाऊन बसायचंय. आणि ती ज्याच्या प्रेमात पडली आहे त्याचं, एडवर्ड हे नाव या आठवड्यात तिला सहन होत नाहीये. ‘वदरिंग हाइट्स’ हे तिचं लाडकं पुस्तक, म्हणून कुणीही पटकन ‘जेन एअर’ काढून देईल. दोन्ही १८४७ची, लेखिका सख्ख्या बहिणी. पण रॉचेस्टरचं पहिलं नाव काय? एडवर्ड. ते पुस्तक त्याच दिवशी परत येणार.

मी तिला तिसऱ्या बहिणीचं पुस्तक देईन: ॲन ब्राँटेचं ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’, १८४८. यातली हेलन व्यसनी, बेताल नवऱ्याला सोडून लहान मुलाला घेऊन निघते आणि चित्रं विकून पोट भरते. धोकादायक पुरुषाची ओढ ‘वदरिंग हाइट्स’मध्ये वादळासारखी आहे, इथे तोच पुरुष रोज सकाळी न्याहारीच्या टेबलावर समोर येतो. बेलाला हे वाचायला हवं, आणि लग्नाआधी वाचायला हवं.

हे पुस्तक देताना दोन गोष्टी हमखास चुकतात. एक म्हणजे पहिली पंधरा प्रकरणं गिल्बर्ट मार्कहॅम सांगतो आणि त्याची चाल संथ आहे. हेलनची डायरी सोळाव्या प्रकरणापासून सुरू होऊन चव्वेचाळिसाव्यापर्यंत चालते. हे आधी सांगितलं नाही तर वाचक आठव्या-नवव्या प्रकरणात गळतो. दुसरी गोष्ट आवृत्तीची. १८५४च्या एका स्वस्त आवृत्तीत सुरुवातीचं पत्र आणि बराच मजकूर गाळला गेला आणि पुढे कित्येक आवृत्त्या तीच प्रत धरून निघाल्या. पुस्तक गिल्बर्टने हॅलफर्डला लिहिलेल्या पत्राने सुरू होत असेल तरच प्रत द्यायची.

वाचक-सल्ल्याचं काम शिकायला काल्पनिक वाचक फार उपयोगी पडतात, कारण त्यांच्याबद्दलची सगळी माहिती छापलेली असते. व्हॅम्पायर प्रेमकथांतली पात्रं तर त्याहून सोयीची. त्यांचं वय, काळ, भाषा आणि पथ्य अशा चारही बाबतीत अडचण असते, त्यामुळे आळशी शिफारस लगेच उघडी पडते.

सुरुवात कार्डाने करायची. पात्राचं जन्मसाल, व्हॅम्पायरमध्ये रूपांतर झालं तेव्हाचं वय, कथा घडते ते साल, येणाऱ्या भाषा, कामधंदा, मजकुरात प्रत्यक्ष वाचताना दिसलेली पुस्तकं, आणि शेवटी एक ओळ: सध्या मनावर काय आहे. पुस्तकांच्या रकान्यात अंदाज नको. मूळ कादंबरीत पान दाखवता आलं तरच नोंद करायची. बेलाच्या कार्डावर आणखी एक नोंद लागते. ती राहते त्या फोर्क्स गावाच्या वाचनालयात पुस्तकं इतकी कमी, की तिने सभासद कार्डच काढलेलं नाही. म्हणजे तिची पुस्तकं दुसऱ्या ग्रंथालयाकडून मागवावी लागणार, त्यात दिवस जाणार. तोवर हातात द्यायला एक पुस्तक कपाटात हवंच.

मग काळाचा नियम ठरवायचा. कथा घडते त्या सालापर्यंत छापलेलीच पुस्तकं चालतील, की आजवरची सगळी? दोन्ही चालतं, पण मध्येच बदलायचं नाही. गफलत सगळ्यात जास्त इथेच होते, आणि ती जुन्या कथांत होते.

आता बेलाचा व्हॅम्पायर, एडवर्ड कलन. जन्म १९०१, शिकागो. १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत आईवडील गेले, तोही मरणाच्या दारात होता, तेव्हा कार्लाइल या व्हॅम्पायर डॉक्टरने त्याचं रूपांतर केलं. वय सतरावर थांबलं. झोप नाही. इतरांच्या मनातलं ऐकू येतं, फक्त बेलाचं येत नाही. अशा वाचकाला सगळे जण लांबलचक पुस्तकं सुचवतात, त्यात मार्सेल प्रूस्तची सात भागांची कादंबरी ठरलेली. वेळ भरपूर आहे म्हणून पानं भरपूर, एवढंच त्यामागचं गणित. मला ते पटत नाही. जो माणूस दिवसभर, इच्छा असो-नसो, दुसऱ्यांच्या मनातली बडबड ऐकतो, त्याला हजारो पानं मनोव्यापार वाचायला देणं म्हणजे कामावरून घरी आलेल्याला पुन्हा कामाला जुंपणं.

त्याला द्यायचं डॅशिएल हॅमेटचं ‘द माल्टीज फाल्कन’, १९३०. संपूर्ण कादंबरीत लेखक सॅम स्पेडच्या मनात एकदाही शिरत नाही. तो सिगारेट वळतो. तंबाखू, कागद, अंगठा, जीभ असं सगळं बारीकसारीक दिसतं, पण त्या क्षणी तो काय विचार करतोय हे आपल्याला कळत नाही. ज्याला जगात एकच मन बंद मिळालं आणि तो त्याच मनाच्या प्रेमात पडला, त्या वाचकासाठी सगळी मनं बंद असलेली कादंबरी. पात्राच्या स्वभावापेक्षा त्याच्या थकव्याला जुळणारं पुस्तक शोधणं म्हणतात ते हे.

दुसरं थोडं दूरचं: एरिक मारिया रमार्कचं ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’, १९२९. सतरा वर्षांच्या एडवर्डला युद्धावर जायची घाई होती. पॉल बॉयमर आणि त्याचे वर्गमित्र मास्तरांच्या भाषणांना भुलून तेवढ्याच उमेदीने गेले होते. साथीमुळे एडवर्डचं जे हुकलं, ते कसं होतं हे त्याला इथे दिसेल.

तिसरं कॅथरीन ॲन पोर्टरचं ‘पेल हॉर्स, पेल रायडर’, १९३९. तीच साथ, वर्तमानपत्रात काम करणारी मिरांडा आणि तिचा सैनिक ॲडम. मिरांडा जगते, ॲडम जातो. लेखिका स्वतः त्या साथीतून उठलेली. हे पुस्तक पहिल्या भेटीत द्यायचं नाही. ज्याच्या घरात त्या रोगाने माणसं गेली, त्याला आधी विषय सांगून, हो म्हटल्यावरच हातात द्यायचं. तीन पुस्तकं देताना हाच क्रम ठेवावा: एक नक्की बसणारं, एक थोडं पुढचं, आणि एक विश्वास बसल्यावरचं. पाचाच्या वर नावं सांगितली की वाचक एकही नेत नाही.

वयाचा मुद्दा इथे घेतो, कारण तो प्रत्येक कार्डावर येतो. नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपाल बाईंचा पन्नास पानांचा नियम प्रसिद्ध आहे. पन्नाशीपर्यंतच्या वाचकाने पन्नास पानं वाचावीत, नाही रुचलं तर सोडावं. पुढे शंभरातून वय वजा करायचं, उरेल तेवढी पानं द्यायची. शंभरी गाठली की मुखपृष्ठावरून ठरवायचा हक्क मिळतो. एडवर्डच्या कार्डावर सतरा लिहिलं तर पन्नास पानं, जन्मसालावरून २००५ साली एकशेचार धरलं तर शून्य. मी जगलेली वर्षं धरतो. इतक्या वाचकाला पहिल्या ओळीतच लेखकाची पट्टी कळते, त्यामुळे त्याच्यासमोर फाटक्या वेष्टनाची प्रत ठेवायची नाही.

रंगनाथनांच्या १९३१च्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र आहे, वाचकाचा वेळ वाचवा. अमर वाचकाला ते लागू होतं का? त्याला नाही, त्याच्या जोडीदाराला होतं. या कथांतल्या प्रत्येक जोडीत एकाचे दिवस मोजलेले असतात आणि दुसऱ्याचे नसतात. म्हणून ‘दोघांनी मिळून वाचा’ अशी एकच यादी करू नये. माणसाची यादी छोटी आणि लगेच मिळणारी. व्हॅम्पायरची यादी रांगेत थांबू शकते. मागणी-नोंदीत त्याचं नाव खाली गेलं तरी बिघडत नाही.

क्लॉडियाच्या कार्डात हमखास चूक होते ती वयाची. ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’ या कादंबरीत ती पाच वर्षांची असताना बदलते, पुढे मन मोठं होतं आणि शरीर तसंच राहतं. तिला बालविभागात नेणं हा अपमान आहे. कधीच मोठा न होणाऱ्या मुलाच्या गोष्टी तर तिच्यापासून लांब ठेवाव्यात. काळ मोकळा धरला तर ग्युंटर ग्रासचं ‘द टिन ड्रम’, १९५९. त्यातला ऑस्कर तिसऱ्या वर्षी स्वतः ठरवून वाढ थांबवतो. तिला जे लादलं गेलं ते त्याने निवडलं. तिला राग येईल, आणि त्या रागाला पुस्तकात जागा मिळेल.

कार्लाइल डॉक्टर आहे आणि माणसाचं रक्त घेत नाही. त्याला कथा नको, रिचर्ड टिटमसचं ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ द्यावं, १९७०. रक्त विकत घेणं आणि स्वेच्छेने दिलेलं स्वीकारणं यांनी समाजात काय फरक पडतो, याचा ब्रिटन आणि अमेरिका समोरासमोर ठेवून केलेला अभ्यास. रक्तावरचं पुस्तक म्हणून कुणी ते ग्रंथालयाच्या ड्यूई वर्गीकरणातल्या ६१२च्या शरीरशास्त्रात शोधेल. ते समाजसेवेच्या ३६२मध्ये सापडतं.

‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ या मालिकेतल्या बफीचं प्रकरण वेगळं, कारण तिच्या शाळेचा ग्रंथपालच तिचा मार्गदर्शक. अठराव्या वाढदिवसाला तिचा व्हॅम्पायर प्रियकर एंजल तिला एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगची ‘सॉनेट्स फ्रॉम द पोर्तुगीज’ देतो. भेट म्हणून सुंदर, शिफारस म्हणून कच्ची. भेटीत देणाऱ्याचं मन असतं, शिफारशीत घेणाऱ्याची रात्र. बफीची रात्र स्मशानात जाते, सलग वाचायला वेळ नाही. तिला अँजेला कार्टरचा ‘द ब्लडी चेंबर’, १९७९, दहा कथांचा संग्रह द्यावा आणि फक्त पहिली कथा वाच म्हणावं. शेवटी घोडा दामटत, हातात रिव्हॉल्व्हर घेऊन मुलीला सोडवायला येते ती तिची आई.

आणि सगळ्यात जपून भरायचं कार्ड ‘कार्मिला’तल्या लॉराचं. शेरिडन ल फॅनूची ‘कार्मिला’ १८७१-७२मध्ये क्रमशः आली. ऑस्ट्रियातल्या स्टिरियातला एकाकी किल्ला, वडील, दोन शिक्षिका, आणि अचानक घरात आलेली देखणी मैत्रीण. वडील इंग्रज, घरात इंग्रजी बोलतात, त्यामुळे भाषेची अडचण नाही. जाणकार वाचक लगेच कोलरिजची ‘क्रिस्टाबेल’ सुचवतात, १८१६ची. देऊ नये. तीही एकाकी मुलगी, तोही किल्ला, तीही अनोळखी पाहुणी, आणि कविता अपूर्ण. लॉराला तिचीच गोष्ट परत मिळेल, तीही सुटका न दाखवता.

तिच्यासाठी क्रिस्टिना रोसेटीची ‘गॉब्लिन मार्केट’, १८६२. काळाचा कडक नियम लावला तरी बसते. नायिकेचं नावही लॉराच. ही लॉरा सोनेरी बट देऊन गॉब्लिन नावाच्या खोडकर भुतांची फळं खाते आणि झुरायला लागते. बहीण लिझी चांदीचं नाणं घेऊन जाते, ओठ घट्ट मिटून उभी राहते, फळांचा रस तोंडावर माखलेला तसाच घेऊन धावत घरी येते. साडेपाचशेच्या आसपास ओळी, एका बैठकीत होणाऱ्या. बऱ्याच ठिकाणी हे पुस्तक बालविभागात जातं, तिथून काढून आणावं लागतं. दान्ते गाब्रिएल रोसेटीची चित्रं असलेली प्रत मिळाली तर तीच द्यायची.

पुस्तकाला लावायची चिठ्ठी चाळीस शब्दांच्या आत ठेवावी. त्यात शेवट सांगायचा नाही, व्हॅम्पायर हा शब्द घालायचा नाही, आणि वाचकाला काय वाटेल हे आपण ठरवायचं नाही. लॉराची अशी:

“दोन बहिणी, एक ओढा, आणि संध्याकाळी ओरडत येणारे फळवाले. एकीने चव घेतली आहे. दुसरी पैसे घेऊन निघाली आहे. मोठ्याने वाचावी अशी कविता. शक्यतो दार लावून, आणि घरात पाहुणे नसताना.”